बिनबुडाचा चषक

आमच्या देवगडच्या घरात चुलीच्या वरच्या फळीवर पत्र्याचा एक चहाचा डबा होता. चहाचा म्हणायचे ते केवळ जन्मनावाने. कारण माझ्या आठवणीत त्यात चहा कधीच नव्हता. आधी सुंठ, मग मेथ्या आणि शेवटी आजीची मोड, अशी त्याची स्थित्यंतरे होत गेली. डब्यावर एका साहेबाचे चित्र होते. पांढऱ्या मिशा, हनुवटीवर इवलीशी दाढी, डोक्यावर दर्यावर्दी टोपी, हातात चहाचा कप आणि तोंडावर पोटभर जेवून उठलेल्या माणसाचे समाधान. दिवाळीच्या आधी घरातली सारी तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून निघत. या डब्यावरून मात्र आजी हलक्या हाताने ओले फडके फिरवी. साहेब पुसला जाऊ नये म्हणून!

एका वर्षी असेच फडके फिरवता फिरवता ती थांबली आणि मला म्हणाली, “काय रे, ह्याच्या डोक्यावर टोपी कप्तानाची, आणि हातात चहाचा कप. मग ह्याची बोट हाकारतो कोण?”

आजीचा प्रश्न थट्टेचा नव्हता. आमच्या शेजारी एक तांडेल राहत असे. भर दर्यात तांडेलाचा एक हात सुकाणूवर आणि एक डोळा शिडावर असतो, त्याला घोटभर पाणी प्यायलाही कुणीतरी तोंडाशी भांडे धरावे लागते, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. तेव्हा मी काहीतरी उत्तर ठोकून दिले असेल. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला, आणि पुढे इतिहासाच्या वाचनात तो साहेब जिथे जिथे भेटला तिथे तिथे मी त्याला तोच प्रश्न विचारीत आलो.

तो साहेब म्हणजे सर टॉमस लिप्टन. जन्म १८४८ चा, स्कॉटलंडातल्या ग्लासगो शहरात. आईबाप आयर्लंडातून पोटासाठी आलेले. पंधरा-सोळा वर्षांचा असताना पोरगा जहाजाने अमेरिकेला गेला, व्हर्जिनियात तंबाखूच्या मळ्यात राबला, दक्षिणेत भाताच्या शेतीवर राबला, न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात वाणसामानाच्या फळीमागे उभा राहिला आणि गिऱ्हाइकाला दुकानात कसे ओढावे हे तिथे शिकून परत आला. १८७१ साली त्याने ग्लासगोत स्वतःचे दुकान थाटले. लोणी, अंडी, चीज, डुकराचे खारवलेले मांस असा माल. जाहिरातीची त्याची अक्कल मात्र अचाट होती. १८८१ च्या नाताळात त्याने एक राक्षसी आकाराचे चीज मागवले, त्यात सोन्याची नाणी खुपसली आणि त्याचे तुकडे विकायला काढले. पुढे काय झाले असेल ते सांगायला नकोच. आपल्याकडे कुणी सत्यनारायणाच्या प्रसादात मोहरा घालणार असे कळले तर काय होईल याची कल्पना करावी.

१८९० मध्ये तो सिलोनला गेला. तिथले कॉफीचे मळे रोगाने बसले होते आणि जमिनी स्वस्तात मिळत होत्या. हापुतळेजवळचा डंबाटेन आणि आणखी काही मळे त्याने घेतले आणि चहा मळ्यातून थेट गिऱ्हाइकाच्या किटलीत, मधले दलाल वगळून, असा धंदा सुरू केला. सुट्या चहाच्या जागी ठरलेल्या वजनाची बंद पुडी आली. त्या मळ्यांवर पाठीला टोपली बांधून पाने खुडणाऱ्या बाया तामिळ मुलखातून तिकडे गेलेल्या कुटुंबांतल्या होत्या. या लेखात त्या पुन्हा येणार नाहीत. पण पुढे ज्या शिडांचे वर्णन येईल ती त्यांच्या खुडीवर फुगलेली होती, हे विसरून चालणार नाही.

आता त्या चषकाची गोष्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला आइल ऑफ वाइट नावाचे बेट आहे. बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या चिंचोळ्या समुद्राला सोलंट म्हणतात, आणि बेटाच्या उत्तर टोकाला काउझ हे गाव आहे. यॉट, म्हणजे हौसेसाठी आणि शर्यतीसाठी बांधलेली नौका, हिची पंढरी म्हणजे हे काउझ. २२ ऑगस्ट १८५१ रोजी या बेटाला वळसा घालण्याची शर्यत झाली. इंग्रजांच्या नामांकित नौकांच्या घोळक्यात न्यूयॉर्कच्या काही धनिकांनी पाठवलेली ‘अमेरिका’ नावाची एकच परदेशी नौका होती, आणि तीच पहिली आली. बक्षीस होता चांदीचा, सव्वादोन फूट उंचीचा, सुरईसारखा चषक. पुढे १८५७ मध्ये तो न्यूयॉर्कच्या यॉट क्लबाला देण्यात आला. अट एवढीच की कुठल्याही देशाच्या क्लबाने आव्हान द्यावे आणि जिंकून न्यावा. म्हणून त्याला अमेरिकेचा चषक म्हणतात. पुष्कळांना वाटते तसे ते देशाचे नाव नव्हे, त्या नौकेचे आहे.

या चषकाचा एक विशेष असा की त्याला बूड नाही. वरून ओतलेले खालून निघून जाते. बिनबुडाचा लोटा म्हणजे काय, हे ज्याला डोळ्यांनी पाहायचे असेल त्याने हा चषक पाहावा! एवढ्यासाठी १८७० पासून इंग्रज, कॅनडियन आणि इतरांनी आव्हानांमागून आव्हाने दिली, आणि अमेरिकेने तो १८५१ पासून १९८३ पर्यंत, म्हणजे १३२ वर्षे, हातचा जाऊ दिला नाही.

लिप्टनने १८९८ साली आव्हान दिले तेव्हा तो नुकता ‘सर’ झाला होता. त्याने नौकेला नाव दिले ‘शॅमरॉक’. शॅमरॉक म्हणजे आयर्लंडातले तीन पानांचे गवत. आपल्या बेलाच्या पानासारखे त्रिदल, आणि त्यांना तसेच पवित्र. लिप्टनला स्वतःला नौका हाकारता येत नसे, आणि येते असा आवही त्याने कधी आणला नाही. ‘एरिन’ नावाच्या आपल्या आलिशान वाफेच्या बोटीवर पाहुणे बोलावून तो शर्यत पाहत बसे. राजा सातवा एडवर्ड त्याचा स्नेही. त्यावर जर्मनीच्या कैसराने, आमचे मामा त्यांच्या वाण्याबरोबर नौकाविहाराला गेले आहेत, असा टोमणा मारल्याची गोष्ट सांगतात. टोमणा खरा असो वा रचलेला, त्यातली जात खरी होती. काउझच्या राजेशाही यॉट क्लबाने या दुकानदाराला वर्षानुवर्षे सभासद करून घेतले नाही. म्हणून त्याची पाचही आव्हाने उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या क्लबातर्फे गेली.

१८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या समुद्रात पहिल्या शॅमरॉकची गाठ ‘कोलंबिया’शी पडली. दुसऱ्या शर्यतीत शॅमरॉकच्या डोलकाठीचा वरचा तुकडा मोडला. ठरावाप्रमाणे कोलंबिया एकटीच पुढे गेली आणि जिंकली. तीन शर्यती, तीन पराभव. १९०१ मध्ये दुसरी शॅमरॉक. तिच्या शेवटच्या शर्यतीची हकीकत वाचताना आजही जीव वरखाली होतो. नौका लहानमोठ्या असल्या की मोठीने लहानीला काही वेळ सोडून द्यायचा, असा तेव्हाचा नियम. शॅमरॉकने रेषा ओलांडली ती कोलंबियाच्या दोन सेकंद आधी. पण सोडायचा वेळ वजा जाता कोलंबिया एकेचाळीस सेकंदांनी जिंकली. डोळ्यांना जिंकलेली दिसली आणि कागदावर हरली!

१९०३ मध्ये अमेरिकनांनी ‘रिलायन्स’ उतरवली. शर्यतीसाठी एवढी राक्षसी एकडोलकाठी नौका क्वचितच कुणी बांधली असेल. तिच्या शिडाचे कापड सोळा हजार चौरस फुटांच्या वर, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ पंधरा गुंठे. कोकणात एवढ्या जागेत घर, विहीर, परसू आणि पाच-पन्नास माड सुखाने राहतात. तिला आवरायला साठाच्या वर माणसे लागत. तिच्यापुढे तिसऱ्या शॅमरॉकने दोन शर्यती घालवल्या आणि तिसरीत ती धुक्यात वाट चुकून शेवटची खूण सोडून भलतीकडेच निघून गेली. माझ्या मते पाचही खेपांतला हाच पराभव सर्वांत केविलवाणा. हरायलासुद्धा प्रतिस्पर्धी डोळ्यांसमोर असावा लागतो.

एक अडचण या सगळ्या आव्हानवीरांना होती, ती सांगितली पाहिजे. आव्हान देणाऱ्याच्या नौकेने शर्यतीच्या ठिकाणी स्वतःच्या तळावर, म्हणजे समुद्रातूनच, आले पाहिजे, असा नियम होता. अटलांटिक ओलांडायचा म्हणजे बांधणी भक्कम हवी, आणि भक्कम म्हणजे जड. घरच्या नौकेला असली काळजी नाही. तिने चार दिवस टिकले तरी पुरे. सासरी पोहोचेपर्यंत निम्मे दागिने वाटेत गहाण टाकून यायचे, तसा हा प्रकार.

चौथी शॅमरॉक १९१४ च्या उन्हाळ्यात निघाली आणि ती अटलांटिकच्या मध्यावर असतानाच पहिले महायुद्ध सुरू झाले. ती ब्रुकलिनला पोहोचली आणि तिथेच सहा वर्षे कोरड्यावर पडून राहिली. लिप्टनची ‘एरिन’ मात्र युद्धावर गेली. १९१५ मध्ये सर्बियात टायफसची भयंकर साथ आली तेव्हा लिप्टन डॉक्टर, परिचारिका आणि औषधे घेऊन तिकडे गेला होता. पुढे ‘एरिन’ आरमाराने घेतली, आणि १९१६ साली माल्टाजवळ पाणसुरुंगावर आदळून ती बुडाली.

१९२० साली शर्यत झाली. पाचांतल्या तीन जिंकायच्या. पहिल्या शर्यतीत अमेरिकनांच्या ‘रेझोल्यूट’चा शीड चढवायचा दोर तुटला, मोठे शीड खाली कोसळले आणि शॅमरॉक जिंकली. एकवीस वर्षांपूर्वी लिप्टनची डोलकाठी मोडली होती. दर्याने फेड केली म्हणायची. दुसरीही शॅमरॉकने जिंकली. आता एकच! तिसऱ्या शर्यतीत दोन्ही नौकांना अंतर कापायला अगदी सारखा वेळ लागला. पण शॅमरॉकने सुमारे सात मिनिटे सोडायची होती, म्हणून ती हरली. मग चौथी गेली, पाचवी गेली. चषक ज्याच्या बोटांना लागला तो हाच क्षण, आणि तोही निसटला.

पाचवी शॅमरॉक १४ एप्रिल १९३० रोजी गॉसपोर्टच्या गोदीतून पाण्यात उतरली. चार्ल्स निकोल्सन हा तिचा रचनाकार. लांबी ११९ फूट, शिडे सात गुंठ्यांची, सांगाडा पोलादी आणि त्यावर महोगनीच्या फळ्या. ज्यांनी तिची चित्रे पाहिली असतील त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी बगळा पाण्यावरून उडण्यापूर्वी मान पुढे काढतो तो क्षण आठवावा. तेव्हा लिप्टन ऐंशीच्या पुढे गेला होता. न्यूपोर्टला समोर उभी होती हॅरोल्ड व्हँडरबिल्टची ‘एंटरप्राइज’. तिची डोलकाठी ड्युरॅल्युमिन नावाच्या हलक्या धातूची, आणि दोर ओढायची यंत्रे थेट नौकेच्या पोटात बसवलेली. त्या यंत्रांवरची माणसे शर्यतभर खाली अंधारात राबत. वर काय चालले आहे, आपण पुढे आहोत की मागे, हे त्यांना दिसतही नसे. शॅमरॉक चारही शर्यती हरली, आणि एकदा तर शीड चढवायचा दोर तिचाच तुटला. व्हँडरबिल्टने पुढे आपल्या पुस्तकात नमूद केले आहे की जिंकण्याच्या त्या घटकेलाही त्याचे मन विषण्ण झाले होते.

मग एक विलक्षण गोष्ट घडली. विल रॉजर्स नावाच्या विनोदी नटाने वर्तमानपत्रातून सुचवले की या म्हाताऱ्यासाठी प्रत्येकाने एकेक डॉलर पाठवावा. जगभर मंदीची वाळवी लागलेली, तरी हजारो सामान्य अमेरिकनांनी पैसे पाठवले. आणि १९३० च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या महापौरांनी लिप्टनला सोन्याचा पेला अर्पण केला. याला बूड होते! पुढच्या वर्षी काउझच्या त्या क्लबालाही पाझर फुटला आणि त्यांनी त्याला सभासद करून घेतले. २ ऑक्टोबर १९३१ रोजी लिप्टन वारला. लग्न केले नव्हते. संपत्तीचा मोठा भाग तो ग्लासगो शहराला देऊन गेला.

इथपर्यंतची गोष्ट इंग्रजीत पुष्कळांनी, आणि माझ्यापेक्षा चांगली, सांगितली आहे. मला ओढ होती ती आजीच्या प्रश्नाची. बोट हाकारीत कोण होते?

हाकारीत होते एसेक्स परगण्यातले कोळी. टोल्सबरी, ब्राइटलिंगसी, विव्हनहो ही खाडीकाठची चिखलाची गावे. हिवाळाभर तिथले पुरुष आपल्या छोट्या होड्यांतून मासळी धरीत, कालवे काढीत. उन्हाळा लागला की हीच माणसे धनिकांच्या यॉटवर खलाशी म्हणून जात. आमचे गाबीत नारळी पौर्णिमेला होड्या समुद्रात लोटतात. त्यांच्याकडे वर्षाचे असे दोन तुकडे. हंगामाचा पगार, वर कपडे, आणि शर्यत जिंकली तर बक्षिसातला वाटा. दुसऱ्या शॅमरॉकचा कप्तान सिकॅमोर ब्राइटलिंगसीचा, पाचवीचा नेड हर्ड टोल्सबरीचा. तिकडे अमेरिकेच्या कोलंबियावरही मेन राज्यातल्या डीअर आइल बेटाचे कोळीच होते. म्हणजे दोन महाराष्ट्रांच्या नावाने जी झुंज चालली होती ती... महाराष्ट्रांच्या कसली! लेखणी घरच्या ओढीने घसरली. दोन महाराष्ट्रे नव्हेत, दोन महासत्ता. त्यांच्या नावाने चाललेली ती झुंज खरे पाहता दोन कोळीवाड्यांची होती. चषकावर नावे मात्र नौकांची कोरली गेली, आणि वर्तमानपत्रांत धन्यांची.

हे त्या माणसांना कळत नव्हते असे नाही. १९३४ मध्ये विमानांचा कारखानदार सॉपविथ याने ‘एंडेव्हर’ नावाची नौका घेऊन आव्हान दिले. ती लिप्टनच्या शॅमरॉकच्याच वर्गातली आणि तिच्याहून सरस. निघण्याच्या तोंडावर खलाशांनी जादा पगार मागितला. अटलांटिकपलीकडे जायचे म्हणजे परत येईपर्यंत मासळीचा हंगाम हातचा जाणार, हा त्यांचा सरळ हिशेब. सॉपविथने तो मानला नाही. अडून बसलेल्यांना काढून त्याने हौशी गृहस्थ भरती केले. न्यूपोर्टला एंडेव्हरने पहिल्या दोन शर्यती जिंकल्या, तिसरी हातात आलेली घालवली आणि अखेर ४-२ अशी हरली. तिथल्या शर्यतींतली ती सर्वांत वेगवान नौका होती हे अमेरिकनांनीही कबूल केले. मला वाटते, टोल्सबरीच्या चुलींपाशी त्या हिवाळ्यात कालवे सोलता सोलता कुणीतरी नुसताच हसला असेल. इतिहासाला असल्या हसण्याची नोंद नसते, म्हणून ती इथे करून ठेवतो.

या वर्गाच्या, इंग्रजी जे अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या, फक्त दहा नौका बांधल्या गेल्या. शेवटची १९३७ मध्ये. अमेरिकेतल्या सहाही मोडीत निघाल्या. उरल्या तीन, तिन्ही इंग्लंडात बांधलेल्या: शॅमरॉक, एंडेव्हर आणि वेल्शेडा. वेल्शेडा ही वूलवर्थ दुकानांच्या इंग्लंडमधल्या प्रमुखाने १९३३ मध्ये बांधवून घेतली आणि वेल्मा, शीला, डॅफ्नी या तीन लेकींच्या नावांचे तुकडे जुळवून तिला नाव दिले. आपल्याकडे बंगल्यांची नावे जुळवतात, तसेच. तिच्या नशिबी चषकाची शर्यत आली नाही. हॅम्बल नदीच्या चिखलात राहायचे घर म्हणून ती वर्षानुवर्षे रुतून पडली. एंडेव्हरचे नुसते गंजके कवच सोलंटच्या काठी उघड्यावर पडले होते. शॅमरॉक इटलीत गेली. तिथल्या धन्याने तिचे नाव ‘क्वाद्रिफोल्यो’ ठेवले, म्हणजे चौपानी! लिप्टनचे त्रिदल इटलीत जाऊन चतुर्दल झाले.

या तिघींना जीवदान मिळाले ते थोडे वेडाने आणि थोडे भाड्याने. १९८४ मध्ये एलिझाबेथ मेयर या अमेरिकन बाईंनी एंडेव्हरचे कवच विकत घेतले. पाच वर्षे खपून, अलोट पैसा घालून, १९८९ मध्ये हॉलंडच्या गोदीतून तिला पुन्हा पाण्यात उतरवले. आणि त्याच वर्षी न्यूपोर्टला एंडेव्हर आणि शॅमरॉक यांची शर्यत लागली. वेल्शेडाही १९८४ मध्येच चिखलातून निघाली. पण असला हत्ती पोसायचा कसा? त्यावर तोडगा निघाला तो असा, की ज्याला परवडेल त्याने आठवडाभर नौका भाड्याने घ्यावी. भूमध्य समुद्रात किंवा वेस्ट इंडीजच्या बेटांमधून हिंडावे, सहाआठ पाहुण्यांच्या खोल्या, तैनातीला आचारी, कप्तान, खलाशी. आणि हौस असेल तर शर्यतीत उतरावे. भाडे ऐकून मी पुन्हा विचारले, आकडा तोच होता. शिवाय खाणेपिणे, इंधन, बंदराची पट्टी यांसाठी भाड्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम आगाऊ भरायची, शर्यतीला लागणारे जादा तीसएक गडी वेगळे, आणि शेवटी बक्षिसी. पुढे नवे धनिक जुन्या आराखड्यांवरून याच वर्गाच्या नव्या नौकाही बांधू लागले. १९३७ मध्ये हरलेल्या ‘एंडेव्हर दुसरी’ची प्रतिकृती २००९ मध्ये एका अमेरिकन संगणक-उद्योजकाने बांधून घेतली, आणि तिचे नाव ठेवले ‘हनुमान’! समुद्र ओलांडायचा तर आणखी कुणाचे नाव ठेवणार? आमच्या आजीने हे ऐकले असते तर तिने त्या उद्योजकाच्या नावाने मारुतीला नारळ ठेवला असता. २०१७ मध्ये बर्म्युडाला या वर्गाच्या सात नौका एकाच वेळी पाण्यात उतरल्या. एवढ्या तर १९३० नंतरच्या त्या सुवर्णकाळातही कधी एकत्र आल्या नव्हत्या.

त्यांतली एक मी डोळ्यांनी पाहिली. २०१२ च्या जुलैत मी मुलीकडे इंग्लंडला होतो, आणि जे वर्गाच्या नौका सोलंटमध्ये शर्यतीला आल्या होत्या. जावईबापूंनी दोन-तीन कुटुंबांत मिळून चाळीसएक फुटांची एक शिडाची नौका दिवसभरासाठी भाड्याने घेतली. हेही भाडेच, पण मध्यमवर्गी. कप्तान म्हणून एक पंचविशीची मुलगी होती. मी धोतराच्या गावचा माणूस. पाहुण्यासारखा कठड्याला टेकून बसलो होतो. तिने माझ्याकडे पाहिले, हसली, आणि माझ्या हातात दोर दिला. दोर विंच नावाच्या लोखंडी गड्डूवर तीन वेढे घालून ओढायचा असतो. सोडायची वेळ आली की बोटे आत सापडू द्यायची नाहीत, एवढे तिने दोनदा बजावले. पहिल्याच वळणाला माझी टोपी समुद्रात गेली आणि दुसऱ्या वळणाला तळहाताची साल. मुलगी ओरडली, “बाबा, सोडा, मी धरते!” पण कोण सोडतो? सहासष्ट वर्षे दर्यावर्दी गावचा म्हणून मिरवलो होतो, आणि दोर हातात आला तो असा साता समुद्रापलीकडे.

इतक्यात वेल्शेडा आली. प्रथम दिसले ते नुसते शीड, देवळाच्या भिंतीसारखे, आणि त्याच्या सावलीने आमची नौका एकदम थंडावली. मग तिचे काळेभोर अंग फेस कापीत जवळून गेले. तिला आवाज असा नव्हताच. कापड फाडताना होतो तसा पाण्याचा सुरसुराट तेवढा. वरच्या कडेला सारख्या पोशाखातले गडी रांगेने बसले होते, जसे वळचणीला पारवे. कुणीतरी हाक दिली, आणि ते सारे एकदम उठून पलीकडच्या कडेला धावले. मागच्या बाजूला टोप्या घातलेली दोन-चार माणसे निवांत उभी होती. ती धनी होती, पाहुणे होते की आठवड्याचे भाडेकरू, ते मला कळायला मार्ग नव्हता. एकाच्या हातात काहीतरी होते. मी डोळे ताणून पाहिले. पण कप की दुर्बीण, ते ओळखण्याआधीच ती निघून गेली.

संध्याकाळी काउझला उतरलो. हात भरपूर हुळहुळत होते. मुलगी मलमपट्टी आणायला दुकानात शिरली, मी चहाच्या फळ्यांपुढे उभा राहिलो. नाना तऱ्हेच्या चहांची खोकी होती, आसामचा, दार्जिलिंगचा, फुलांचा, फळांचा, लिप्टनचा नव्हता. फळी लावणाऱ्या पोऱ्याला विचारले. त्याने थोडा विचार केला, मला दुकानाच्या दुसऱ्या टोकाला नेले आणि सरबतांच्या बाटल्यांतून एक काढून दाखवली. लिंबाच्या स्वादाचा गार चहा, आणि वर पिवळ्या पट्टीवर नाव. साहेबाचे चित्र काही त्यावर नव्हते.